बाभुळगावच्या रस्त्यावर ट्रेलर कोण हलवत होतं?

मंडळी, आजचीच गोष्ट. दुपारी मी अन् बायको एसयूव्हीमागच्या उघड्या ट्रेलरमधी आमची घोडी बाभुळगावले नेत होतो. रस्ता सामसूम, वारा नाही. अचानक ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायले लागला.

"अहो, मांगून कोणी हालवून राह्यलं काय?" बायको पुटपुटली.

हळूहळू गाडी थांबवली. पाहतो तर गाडीचा हुक जास्त उंच, म्हणून ट्रेलरचं तोंड वर अन् सारा भार मागं. फोन केल्यावर ओळखीचे मेकॅनिक जावेदभाई आले. त्यांनी खाली वाकलेला दांडा लावून हुक ट्रेलरच्या उंचीवर आणला. मग ट्रेलर सरळ चालला.

पण आरशात पाहिलं तर घोडी मान वळवून रिकाम्या रस्त्याकडेच पाहत होती, पार गाव येईपर्यंत.

तुमच्या जनावरानं असं कधी केलं काय?