पोहे, टेबल आणि दोन वेण्या

आमच्या ऑफिसात गृहभेटीचा फॉर्म चार पानांचा आहे आणि त्यात 'शेरा' या रकान्याला ओळी फक्त दोन. त्यामुळे खरं सांगण्यासारखं जे असतं ते फॉर्मात बसत नाही, माझ्या डोक्यात साठत जातं. मी तशी कमी बोलणारी. लग्नाला सात महिने झाले, सासरच्या निम्म्या लोकांना माझा आवाज कसा आहे ते अजून माहीत नाही. पण संध्याकाळी चपात्या लाटताना नवऱ्याला मी एकेक किस्सा सांगते. परवा तो म्हणाला, "अगं, हे लिहून टाक एकदाचं. रोज एक चपाती करपायला लागलीय!"

तर काम असं. आई गेली, वडील आजारी पडले, घर अडचणीत आलं की नातेवाइकांना पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे मुलांना कुठंतरी वसतिगृहात ठेवा. आम्ही आधी बघतो की थोडा सरकारी हातभार लावला तर मुलं घरातच राहतील का. ऑफिसात मॅडम, फायली आणि गाडी दोन्ही चालवणारे जाधवकाका, आणि मी.

सासूबाईंना हे सगळं एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे लोकांच्या घरात जाऊन बोलायचा पगार मिळतोय तुला. मग हितं फुकट दोन शब्द बोललीस तर काय बिघडतंय?"

*

नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. राजारामपुरीच्या मागच्या एका गल्लीत चुलता-चुलती पुतण्याला सांभाळत होते. आम्ही येणार असा निरोप आदल्या दिवशी गेला होता.

"या या, पावणं! बसा!"

खुर्चीवर नवा टॉवेल अंथरलेला. पाठोपाठ पोहे, वर ओलं खोबरं. मग आतून पुतण्या आला. केसांना तेल, अंगात कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी. चुलता म्हणाला, "नाव सांग. शिक्षण सांग."

"ओम. तिसरी पास."

"चालून दाखव जरा."

ओम भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत आला. लग्नाआधी अगदी अशाच एका खोलीत मीही तशीच बसले होते, फक्त पोह्यांच्या पलीकडच्या बाजूला. 'स्वयंपाक येतो का?' हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता!

निघताना चुलत्यानं हात जोडले. "ताई, तुमचं काय ते सवडीनं कळवा. पण आमच्याकडनं होकार हाय!"

*

कागलमध्ये एकाच गल्लीत एका दुपारी तीन घरं बघायची होती. पहिल्या घरात मुलीला अभ्यासाला छान टेबल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, वर पृथ्वीचा गोल. दुसऱ्या घरातही टेबल. त्याच्याही पायाखाली पुठ्ठा, वरही तसाच गोल. मला वाटलं, गल्लीत कुणीतरी घाऊक खरेदी केली असेल.

तिसऱ्या घरात चहा काही येईना. आतून नुसताच उकळल्याचा आवाज. मुलांची आई दर दोन मिनिटांनी मागच्या दाराकडं बघत होती. शेवटी त्या दारातून दोन बायका टेबल आडवं करून आत घुसल्या आणि आम्हाला बघून जागच्या जागी थिजल्या.

जाधवकाका उठले आणि दार धरून उभे राहिले. "दमानं आणा! त्यो डावा पाय लंगडा हाय. पुठ्ठा कुठं ऱ्हायला?"

ऑफिसात येऊन मी मॅडमना विचारलं, आता यात काय लिहायचं? खोटं तर लिहिता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "तीन घरांत एक टेबल आणि कुणी ते अडवून धरत नाही. 'शेजाऱ्यांचे सहकार्य' या रकान्यात 'उत्तम' लिही. आणि आणखी दोन टेबलं कुठं मिळतात ते बघ."

*

आता सर्जेराव. हा माणूस बारा वर्षं ट्रकवर होता, बंगळूरच्या लाइनीला. गेल्या वर्षी बायको वारली. घरात दोन मुली, श्रावणी नऊ वर्षांची आणि परी सहाची. त्यानं ट्रक सोडला आणि रिक्षा घेतली, म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला दारात उभं राहता येईल. पण त्याच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं होतं की पोरींना वसतिगृहात घाला. मुलांबद्दलचे असे निर्णय जी समिती घेते तिच्याकडं तिनं अर्जही दिला. समितीनं सर्जेरावला तीन महिने दिले. तोवर आम्ही त्याच्या घरावर लक्ष ठेवायचं, मदत करायची, आणि मग मुली घरी राहणार की जाणार ते ठरणार.

बहीण दुष्ट नव्हती हो. दर रविवारी डबा घेऊन येणारी बाई. पण एकदा शाळेतून चिठ्ठी आली, 'दोन वेण्या, लाल रिबिनी सक्तीच्या', आणि तिच्या हातात मुद्दा सापडला. "वसतिगृहात निदान केस तरी विंचरतील!"

सर्जेराव ऑफिसात आला तो दारातच उभा राहिला. "ताई, डिझेल इंजिन खोलून बशिवतो मी. पण ह्ये न्हाय जमत."

"एकदा करून तर बघा," मी म्हटलं.

त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी परीला घेऊन आला. वेणीसारखं काहीतरी होतं खरं, पण खाली रिबिनीला ताडपत्रीची गाठ मारलेली. ट्रकवर माल झाकतात ती.

"बंगळूरपातूर हालत न्हाय ही गाठ," तो अभिमानानं म्हणाला.

नाहीच हलली! दोन दिवस. शेवटी मी खोबरेल तेल आणि स्वेटरची सुई घेऊन तासभर बसले, तेव्हा सुटली. परी एकदाही रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, माल उतरवायलाच तास लागला की ओ."

मग आमच्या ऑफिसात क्लास सुरू झाला. खुर्चीच्या पाठीला नायलॉनच्या दोरीचे तीन पदर बांधले. जाधवकाकाही बसले शिकायला, "आमच्या हिला तेवढं कळू देऊ नका" या अटीवर. तीन पदर सर्जेरावला दोन दिवसांत जमले. अडचण पुढंच आली.

"दोन्ही हात येणीत गुतल्यावर रिबीन धरायची कुठं? तिसरा हात कुठनं आणू?"

"दातात," मी म्हटलं. "माझी आई दातातच धरायची."

ऑफिसात सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या आठवड्यातलं माझं ते सगळ्यात लांब भाषण होतं.

*

मॅडमनी पालकांच्या बैठकीत सांगितलं होतं, मुलांशी रोज पंधरा मिनिटं बोला. पुढच्या भेटीत मी सर्जेरावला विचारलं, बोलता का?

"व्हय की. मोबाइलवर टायमर लावून बोलतो. पयल्या दिशी शाळेचं बोललो, दुसऱ्या दिशी जेवणाचं. तिसऱ्या दिशी माझ्याकडचं संपलं सगळं. मग मला जे येतंय ते सांगितलं."

"काय?"

"परे, म्हणून दाखव ताईंना."

परीनं हाताची घडी घातली. "तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कागल!"

मी म्हटलं, "वा! पण उलटं कसं? कागलपासून म्हण की."

"न्हाय," परी म्हणाली. "तसं म्हटलं की पप्पा लांब जातात."

*

तीन महिने भरले. समितीपुढं सकाळची वेळ मिळाली होती. सर्जेराव मुलींना गणवेशात घेऊन आला, तिथूनच शाळेला सोडायचं होतं. जिन्यात पळताना परीची एक वेणी सुटली. दुसरीही लोंबायला लागली होती, पण तेवढ्यात आत बोलावणं आलं.

आधी बहीण समितीच्या अध्यक्षबाईंशी बोलली. "मॅडम, मी काय पोरींच्या वाइटावर हाय का? पण भावाला मी वळखते. चहा गाळता येत नव्हता ह्याला. पोरी उद्या मोठ्या हुतील, मग?" आणि तिला रडू आलं. अध्यक्षबाईंनी तिला पाणी दिलं. माझा रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडा होता. 'शेरा' रकान्यातल्या माझ्या दोन ओळी त्या बोट ठेवून परत परत वाचत होत्या.

एवढ्यात परी उठली, खिशातून रिबीन काढून बापाच्या हातात दिली आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. रोज सकाळी उभी राहत असणार तशी. सर्जेरावनं कुणाकडं बघितलंही नाही. रिबीन दातात धरली आणि केसांचे तीन पदर केले.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "सर्जेराव, एकच विचारते. तुम्ही एकटे आणि दोन मुली. खरं सांगा, जमेल तुम्हाला?"

सर्जेरावनं मान वर केली. भुवया उंचावल्या. पण दातात रिबीन, आणि हात दोन्ही अडकलेले!

मी जाधवकाकांकडं बघितलं, काका सर्जेरावच्या बोटांकडं बघत होते, ओठ हलवत, 'वर, खाली, मधे'. अध्यक्षबाई थांबल्या होत्या. बहिणीचं रडणंही थांबलं होतं. वेणी खालपर्यंत आली, रिबिनीला दोन वेढे बसले, फूल झालं. त्यानं ते ओढून बघितलं.

"काय म्हणत हुता, मॅडम?"

"काही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दुसरीपण सैल झालीय. तीही घाला."

त्यानं दुसरी रिबीन सोडली आणि तोंडाकडं नेली. तेवढ्यात बहिणीनं पदरानं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"दे हिकडं! तोंडात काय घालतोस, मी धरते की!"