पाहुण्यांसमोरचा बिघाड

नियंत्रण कक्षात तिला सगळे माशी म्हणत. यान उडवण्याआधी तिथे सराव चालत. खरं यान नसे, संगणकच यानाचं सोंग आणी. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठेतरी माशी शिंकायचीच, आणि ती शिंकवणारी हीच! काचेच्या खोलीत बसून खोटे बिघाड सोडायचे, ही तिची नोकरी. कधी टाकी गळवायची, कधी कुणाचा पडदा काळा करायचा. त्यापायी तिने वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या आणि पचवल्या. सगळ्यात जास्त दिल्या त्या इंधनाचे आकडे सांभाळणाऱ्या इंधनवाल्याने. जेवताना तिच्या शेजारी कुणी बसत नसे.

"तुला एकही मैत्रीण कशी नाही गं?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"यान उडू दे, मग करीन."

शेवटच्या सरावाला बडे पाहुणे येणार होते. साहेबांनी तिला बजावलं, "आज एकही बिघाड नको. उगाच शोभा व्हायची. ऐकलं नाहीत तर उद्यापासून येऊ नका."

"मग हा सराव कसला? नाटकच की!"

"नाटक तर नाटक."

ती काचेच्या खोलीत जाऊन बसली. बाईने ऐकलं, असं साहेबांना वाटलं. बिचारे!

उलटी मोजणी रंगात आली आणि तिने मुख्य संगणक बंद पाडला. राखीव संगणकाने ताबा घेतला खरा, पण पडद्यांवर मघाचेच आकडे थिजून राहिले. कुणाच्या लक्षातच आलं नाही. टाकीतला दाब चढत गेला, तरी इंधनवाला त्या शिळ्या आकड्यांकडे बघून "ठीक, ठीक" म्हणत राहिला आणि सोंगातलं यान जागच्या जागी जळालं. पाहुण्यांनी कप खाली ठेवले.

साहेबांनी तिला तडक घरी पाठवलं. "उद्या खरं जळलं असतं, तर कुठे तोंड लपवलं असतं?" असं सगळ्यांदेखत विचारून ती निघाली. जिन्यात मात्र तिला रडू कोसळलं. त्या खुर्चीवर तिचा फार जीव होता.

पडद्यांची दुरुस्ती रातोरात झाली, दुसऱ्याच दिवशी पुन्हा सराव ठरला. काचेच्या खोलीत दुसराच माणूस बघून इंधनवाल्याने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "माशी नसेल तर मी बसत नाही." मग शेजारच्याने काढलं, मग त्याच्या पलीकडच्या बाईने. साहेबांचा नाइलाज झाला.

ती आली, खुर्ची पुढे ओढून बसली. कानात इंधनवाल्याचा आवाज आला, "कालचाच बिघाड दे, बाई. आज बघतोच."

"कालचाच देईन, असं कोण म्हणालं?" माशी म्हणाली.