सतरा नंबर हजर

या झोपेत माझी आत्या मला ठार मारते. तीन वेळा. तिसऱ्या वेळी नीट जमतं.

हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. काहीही झालेलं नाही. मिरजेत दुपारचे तीन वाजलेत, आत्याच्या वर्षश्राद्धाचं जेवण झालंय, मी खीर दोनदा मागून घेतलीय आणि आतल्या खोलीत चटईवर आडवा पडलोय. बाहेर बाबा पत्रावळी गोळा करतायत. पंखा तीनवर आहे. कुणीही कुणाला मारत नाहीये.

पंखा घरघरतो. मग जरा जास्त घरघरतो. मग त्यातून गार वारा येऊ लागतो, जे आमच्या पंख्याला आजवर कधी जमलेलं नाही. डोळे मिटलेलेच असतात, पण मला कळतं की हा पंखा नाही, बसचा एसी आहे. चटईला निळं मखमली कव्हर आलंय. खिडकीबाहेर मेक्सिको आहे.

शेजारच्या सीटवर आत्या बसलीय. निथळतीय.

शशिकला कुरणे, बाबांची थोरली बहीण. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. साडीवर पांढरे बूट घालायची आणि घरातसुद्धा डावीकडे वळ म्हटल्यासारखी वळायची. रिटायर झाल्यावर म्हणाली, "युरोपला सगळे जातात, म्हणून मी जाणार नाही," आणि दक्षिण मेक्सिकोची सहल निवडली. आधी जुनी शहरं, बाजार, दगडी मनोरे, आणि शेवटी समुद्र. मला इंग्रजी येतं म्हणून सोबत नेलं. आम्ही जिथे जिथे गेलो तिथे इंग्रजी कुणालाच नको होतं.

"आत्या, तू गेलीस ना?" मी विचारतो.

ती माझ्या थोबाडीत मारते. तिची पद्धतच ती. आधी मारायचं, मग कारण सांगायचं. पोरं कारण लक्ष देऊन ऐकतात.

"पाठ सरळ," ती म्हणते. "गेले म्हणजे काय? कुठे गेले? कुणाला सांगून गेले?"

"म्हणजे... वारलीस."

दुसरी थोबाडीत. या वेळी दुसऱ्या गालावर. अन्याय तिला चालत नाही.

तेवढ्यात पुढून आमचे टूर मॅनेजर परचुरे ओरडतात, "चला, मोजणी!"

ही मोजणी समजून घ्या, नाहीतर माझ्या मृत्यूंना काही अर्थ राहणार नाही. सहल कंपनीने आम्हा बत्तीस जणांना गळ्यात घालायला पितळी बिल्ले दिले होते, वर उठावात नंबर. आम्ही स्टेशनवरच्या हमालांसारखे दिसायचो. बस सुटण्याआधी प्रत्येकाने ओळीने आपला नंबर ओरडायचा. बत्तीसपर्यंत आलं की बस हलायची. आत्याचा नंबर सतरा, माझा अठरा.

शेवटच्या आठवड्यात पॅसिफिकच्या एका किनाऱ्यावर आम्हाला तासभर मोकळा वेळ दिला. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आत्या मला म्हणाली, "ओज्या, मला पाचच मिनिटं उशीर होईल. अजून एकदा पाण्यात पाय बुडवून येते. तू सांभाळून घे." जिने उशिरा आलेल्या पोरांना एकतीस वर्षं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तिला पाच मिनिटं हवी होती. मला इतका आनंद झाला की मी ते अगदी मनापासून सांभाळलं. मोजणी सोळावर आली. ऊन लागतं म्हणून बसचे पडदे ओढलेले होते, आत अंधार होता. मी डाव्या हाताने तोंड झाकलं आणि आत्याच्या आवाजात ओरडलो, "सतरा! हजर!" मग माझ्या आवाजात, "अठरा."

तिची नक्कल मी पाचवीपासून करतो. घरी त्याला बक्षीस मिळालेलं आहे.

बस काही लगेच सुटणार नव्हती. चोवीस नंबरच्या देशिंगकर काकू रोज दहा मिनिटं उशीर करायच्या, सगळ्यांनी तो गृहीत धरलेला. त्या दिवशी काकू वेळेवर आल्या. मी डोळे मिटून वाट बघत होतो, आता आत्या बसच्या दारावर थापा मारेल आणि मग काय धमाल येईल. थापा येईनात, म्हणून मला झोप लागली. जाग आली तेव्हा तासभर लांब एका पेट्रोल पंपावर होतो आणि शेजारची सीट कोरडी होती.

ती दोन दिवसांनी मिळाली, पलीकडच्या किनाऱ्याला. गळ्यात नाडी होती. बिल्ला नव्हता.

"सोळा!" बसमध्ये कुणीतरी ओरडतं. एकतीस माना माझ्याकडे वळतात. मी तोंड घट्ट मिटतो, तरी आतून तिचा आवाज निघतोच. "सतरा! हजर!"

आत्या माझा कान धरते आणि मला बसच्या बोळातून फरफटत नेते. बोळ संपत नाही. दोन्ही बाजूंना सीटांच्या जागी सुक्या मिरच्यांच्या राशी लागतात, मग तळलेले नाकतोडे सुपांतून, मग चॉकलेटच्या वड्या. हा वाहाका शहरातला बाजार आहे. इथे एक बाई गुडघ्यांवर बसून पाट्यावर काळा मसाला वाटतीय. आमच्या ग्रुपने या मसाल्याला "आपल्यासारखाच, पण गोड करून वाया घालवलेला" असं म्हटलं होतं.

आत्या त्या बाईकडून वरवंटा मागून घेते. बाई देते. दोघींची भाषा वेगळी आहे, पण काम एकच असल्यामुळे अडत नाही.

"कुठल्या हाताने तोंड झाकलंस?"

"डाव्या."

"ठेव."

मी हात पाट्यावर ठेवतो. पी.टी.च्या बाईंनी ठेव म्हटलं की हात ठेवला जातो, तो विचारत नाही. करंगळीपासून सुरुवात होते. हाडं मोडताना शेंगदाण्यासारखा आवाज येतो. बाई मधूनमधून पाणी शिंपडते, एक मिरची टाकते. देशिंगकर काकू वाकून बोट लावून चाखतात आणि म्हणतात, "मीठ कमी आहे हो."

"काकू, तो माझा हात आहे," मी सांगतो.

"अरे हो? पण रंग छान आलाय."

"आत्या, मला एकच विचारायचंय," मी ओरडतो. वर्षभर हेच विचारायचंय, ही खरी गोष्ट. "मी हजर म्हटलं, तेव्हा तू होतीस का? की आधीच..."

"रांगेत बोलायचं नाही."

ती मला ढकलते आणि मी गोल चरात पडतो. चुन्याच्या घाणीसारखी घाणी आहे, माणसाएवढं दगडी चाक, खेचर त्याला ओढत फिरवतंय. इथे घायपाताचे भाजलेले कांदे चिरडून दारू काढतात. आम्ही बघायला आलो होतो तेव्हा सगळ्यांनी चाक किती जड आहे असं विचारलं होतं. आता मला त्याचं नक्की उत्तर मिळतं. चाक पायांवरून चढतं, पोटावर येतं, छातीवर क्षणभर थांबतं, कारण खेचराला माशी चावलीय. मग पुढे जातं.

मी पहिल्यांदा मरतो. फार वेळ देता येत नाही, कार्यक्रम भरगच्च आहे.

डोंगरमाथ्यावर उन्हात दगडी मैदान आहे. दोन्ही बाजूंना उतरत्या पायऱ्या, पायऱ्यांवर आमचा ग्रुप चिवडा खात बसलाय. इथे जुने लोक रबरी चेंडू कमरेने मारून खेळायचे. खेळ संपल्यावर कुणाचंतरी डोकं उडवायचे म्हणे. हरणाऱ्याचं की जिंकणाऱ्याचं, यावर आमच्या दोन गाईडांचं एकमत झालं नव्हतं. पण उडवायचे यावर दोघेही खूश होते.

आत्या पदर खोचते. चेंडू कलिंगडाएवढा, वजनाने लोखंडाचा.

"परचुरेने रिपोर्टमध्ये काय लिहिलं?" ती विचारते आणि कमरेने चेंडू मारते. तो माझ्या बरगड्यांत बसतो. दोन तुटतात.

"लिहिलं की... सतरा नंबरने चार वाजून पाच मिनिटांनी हजेरी दिली."

"पुढे?"

"नंतर... कुणालाही न सांगता बसमधून उतरल्या."

चेंडू परत येतो. या वेळी जबड्यावर.

"मी?" आत्या ओरडते. "मोजणी झाल्यावर मी उतरले? मी?" प्रत्येक 'मी'ला एक चेंडू. "एकतीस वर्षं हजेरी घेतली. एक प्रॉक्सी लागू दिली नाही. आमदाराच्या पोराची लागू दिली नाही. आणि माझ्या नावावर ही नोंद? तुझा बाप काय म्हणतो?"

मी तोंडातलं रक्त थुंकतो. त्यात तीन दात आहेत. "बाबा सगळ्यांना सांगतात, ताईच उतरली असणार. कधी कुणाचं ऐकलं नाही, तेव्हाही ऐकलं नाही."

"आणि तू तिथे असतोस?"

"असतो."

"मग काय करतोस?"

"पाण्याचे ग्लास देतो."

पायऱ्यांवरून कुणीतरी हळहळतं. आत्या शिट्टी वाजवते, आणि शिट्टीचा आवाजच माझ्या मानेतून आरपार जातो. डोकं खाली पडतं, दोन टप्पे घेतं आणि परचुऱ्यांच्या बुटापाशी थांबतं. खालून मला माझं धड दिसतं. ते अजून सरळ पाठ करून उभं आहे. परचुरे वाकून बघतात, वहीत लिहितात, "अठरा नंबर हजर," आणि चिवड्याकडे वळतात.

दुसऱ्यांदा.

डोकं घरंगळत पायऱ्या उतरतं, गरम वाळू लागते, खारं पाणी लागतं. ओठांना फेस येतो तेव्हा मी पुन्हा अख्खा आहे आणि किनारा तोच आहे. लाल झेंडा फडफडतोय. तो त्या दिवशीही होता. आम्हाला वाटलं, कुठल्यातरी पक्षाची सभा असेल.

पाणी गुडघ्यांना आहे, मग एकदम गळ्याला. आत्या माझ्यासमोर उभी आहे. उभी नाही, तरंगतीय. पहिल्यांदाच तिची पाठ सरळ नाही.

"विचार आता," ती म्हणते.

"तू होतीस का?"

लाट येते, दोघांना उलटंपालटं करते, वाळूवर घासते. माझ्या पाठीचं साल निघतं. वर येतो तेव्हा ती बोलत असते, जणू मध्ये काही झालंच नाही.

"...पाय उचलले गेले. खाली जमीन होती, मग नव्हती. मी हातपाय मारत होते. बस दिसत होती, पांढरी. मोजणी ऐकू येत होती, तुमचा तो सोळा नंबर किती बोंबलतो. पंधरा. सोळा. मग मी म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"काय म्हणणार? सतरा हजर. सवय आहे." ती तोंडावरचं पाणी पुसते. "तूही तेव्हाच म्हटलंस. परचुरेला तुझं ऐकू गेलं."

मी काहीतरी म्हणतो. शब्द नाहीत ते, नुसतं पाणी आहे.

"बस हलली तेव्हा मी हात वर केला. बाई, पाण्याला जाऊ? असं पोरं विचारतात ना, तसा. बराच वेळ वर ठेवला होता."

"आत्या, मी झोपलो होतो गं."

"ठाऊक आहे. आत्ताही झोपलायस."

आणि ती माझे केस धरून मला पाण्याखाली दाबते. यात काही गंमत नाही. नाकातून पाणी शिरतं, डोळ्यांमागे जाळ होतो, मी तिला लाथा घालतो, बोचकारतो, तिच्या मनगटाला चावतो, आणि तिच्या हातात एकतीस वर्षांची पी.टी. आहे. ती मला वर ओढते.

"सतरा नंबर?"

"हजर," तिच्या आवाजात निघतं.

पुन्हा खाली. या वेळी जास्त वेळ. छातीत काहीतरी फुटतं. पुन्हा वर.

"सतरा नंबर?"

"हजर..."

पुन्हा खाली. आता ती माझ्या छातीवर बसलीय, समुद्राच्या तळाशी, आणि गळ्यातलं काहीतरी माझ्या डाव्या गालावर दाबतीय, हाडापर्यंत. पाण्याखाली तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

"तुझ्या आवाजात सांग, ओज्या. तुला तुझा एक आवाज आहे ना? की नाहीच?"

मी तोंड उघडतो. सगळा पॅसिफिक आत येतो. तरी मी सांगतो, चिरक्या, फाटक्या, चोवीस वर्षांच्या आवाजात, ज्याला घरी कधी बक्षीस मिळालं नाही.

"सतरा नंबर गैरहजर."

"शाब्बास," ती म्हणते, आणि हात काढत नाही.

तिसऱ्यांदा.

"ओजस, ऊठ. चहा टाकलाय," आई दारातून म्हणते. पंखा तीनवर आहे. गार वारा अजिबात नाही. चटई घामाने ओली आहे, असं मी म्हणतो. आई जवळ येते आणि माझा चेहरा वळवते. "हे काय लागलं गालाला?"

मोरीतल्या आरशात बघतो. डाव्या गालावर जुन्या नाण्याएवढा लाल गोल उमटलाय. गालावर आकडा उलटा आहे, म्हणून आरशात सुलटा दिसतो. सतरा. माझा अठरा नंबरचा बिल्ला विमानतळावरच परत घेतला होता. मी बोट फिरवून बघतो. कडा लागतात. चाटलं तर बोट खारट.

बाबा बाहेर हात धुतायत आणि शेजारच्या काकांना सांगतायत, "ताईच उतरली असणार हो." मी चहा घेत नाही. कागद घेतो. दोन प्रती काढतो. पहिली बाबांच्या ओल्या हातात देणार आहे, आत्ता, समक्ष. दुसरी टपालाने जाईल.

प्रति,
मा. टूर मॅनेजर परचुरे साहेब

विषय : सुटलेली बस परत वळवून मोजणी पुन्हा घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, गतवर्षीच्या सहलीत दुपारी चार वाजून पाच मिनिटांच्या मोजणीत आसन क्रमांक सतरा यांची हजेरी आसन क्रमांक अठरा, म्हणजे मी, ओजस कुरणे, याने त्यांच्या आवाजात दिली होती. सतरा नंबर मोजणीनंतर बसमधून उतरलेल्या नाहीत. त्या चढल्याच नव्हत्या. सबब रिपोर्टमधील नोंद खोडून त्यांच्या नावापुढे खाडा मारावा.

तसेच चार वाजून दहा मिनिटांनी सुटलेली बस जिथे असेल तिथे थांबवून मागे वळविण्यात यावी, आणि ती किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत आसन क्रमांक सतरा यांनी हात वरच ठेवावा, असे त्यांना आपल्या स्तरावरून तातडीने कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.