सतराशे बेचाळीस

चहाचा कप अजून हातात होता आणि यंत्राचं उत्तर आलंसुद्धा. मी पाठवलेला बदल अवघ्या दोन ओळींचा, त्यावर ह्याच्या टिपा पाच. वर सुरुवातीला गोड बोलणं: बदल एकंदरीत चांगला आहे, फक्त काही मुद्दे पाहावेत. हे ‘फक्त’ वाचलं की माझं डोकं फिरतं.

जरा समजावून सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, रत्नागिरीत घरी बसून हा गृहस्थ भांडतोय तरी कुणाशी. संगणकाच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाहेरून जोडलेलं कुठलंही उपकरण कर्नेलला कळावं म्हणून त्या उपकरणापुरता एक छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो, तो ड्रायव्हर. मी ज्या कर्नेलसाठी लिहितो ते सगळ्यांना खुलं आहे. जगभरचे लोक त्यात भर घालतात, आणि कुणी काही पाठवलं की ते आत घेण्याआधी तपासलं जातं. पूर्वी हे काम माणसं करायची. आता माणसाच्या आधी यंत्र तपासतं. रीत मात्र जुनीच राहिली आहे: प्रत्येक टिपेखाली उत्तर लिहायचं. पटलं तर पटलं म्हणायचं, नाही पटलं तर का ते सांगायचं, पण गप्प बसायचं नाही.

पहिल्या चार टिपांखाली मी शहाण्या मुलासारखं ‘बरोबर, दुरुस्त करतो’ असं लिहिलं. पाचवी टीप मात्र मी हातही न लावलेल्या एका जुन्या ओळीवर होती. तिथे म्हणे पाण्याच्या खोलीला १७४२ने भागलेलं आहे आणि हा आकडा कुठल्याही परिचित मापाशी जुळत नाही. फॅदम हे इंग्रजी दर्यावर्दी माप म्हणायचं असेल तर १८२९ हवं. तसंही कर्नेलने खोली मिलिमीटरमध्येच सांगावी असा नियम आहे. कारण द्यावं किंवा दुरुस्त करावं.

तळपायाची आग मस्तकात गेली. परिचित नाही म्हणे! अरे, तुला नसेल. मला तो आकडा माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ आहे. ते माझ्या दादाच्या हातांचं माप आहे.

आमचं घर हर्णैचं. वडील गेल्यावर त्यांची होडी दादाने घेतली आणि पुस्तकं मी. दादा तांडेल झाला, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची. मी कॉलेज करून संगणकाच्या नोकरीला लागलो, तरी सुट्टीला गेलो की होडीवर काहीतरी खटपट करायचोच. अशाच एका सुट्टीत मी त्याच्या केबिनमध्ये खोली मोजणारा डबा बसवला. आवाज तळाला पाठवायचा, तो परत किती वेळात येतो ते बघायचं आणि त्यावरून पाणी किती खोल ते सांगायचं. आतलं उपकरण बाहेरदेशी बनवलेलं, त्याला ड्रायव्हर नव्हता, म्हणून तो मी लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला ड्रायव्हर. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! डब्यावर पहिला आकडा उमटला तेव्हा मी केबिनमध्ये उडी मारली आणि डोकं छताला आपटून घेतलं.

दादाने आकडा बघितला आणि म्हणाला, हे मीटर तुझ्याकडेच ठेव.

त्याचा अख्खा समुद्र वाव ह्या मापात होता. दोरीला शिशाचा गोळा बांधून ती पाण्यात सोडायची, तळ लागला की ओढून घ्यायची आणि ओढताना दोन्ही हात पसरून मोजत जायची. ह्या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. आंजर्ल्याचं गणपतीचं देऊळ अमुक बाजूला दिसत असताना किती वाव पाणी असलं म्हणजे खाली खडक आहे, कुठे जाळं अडकतं, कुठे कोळंबी मिळते, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं ते वावांत, आणि तेही त्याच्या स्वतःच्या वावांत. दुसऱ्याची मोजलेली दोरी आमच्याकडे कुणी वापरत नसे. हात ज्याचे, माप त्याचं.

मग काय, त्या दुपारी अंगणात दादाला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि हात पसरायला सांगितले. वहिनी भाकऱ्या थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी आली आणि टेपचं एक टोक धरून उभी राहिली. दादाने असे काही हात ताणले होते की जणू कुणी बक्षीस देणार आहे. वहिनीला हसू आवरेना, टेप हलायला लागली, मी दोघांवर ओरडलो. आकडा आला १७४२ मिलिमीटर. दादाच्या बोटांवर पांढरं पीठ लागलं होतं ते मला अजून दिसतं.

त्याच रात्री ड्रायव्हरमध्ये १७४२ने भागायची ओळ घातली आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात दोरी आणि डबा दोन्ही एकदम लावले. दोघांचं उत्तर एकच आलं. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली तेव्हा दादाने डब्यालाही हळदीकुंकू लावलं.

तोच ड्रायव्हर मी जसाच्या तसा कर्नेलसाठी पाठवून दिला. दुसऱ्या कुणी आधी मिलिमीटर केले असते. माझ्या डोक्यातच आलं नाही. वाव म्हणजे कुणाची तरी असते, इतकंच ठाऊक असलेल्या गावातून मी आलो होतो.

तेव्हा तपासणारा एक म्हातारा होता, कुठल्याशा थंड देशातला. मी त्याला कधी पाहिलं नाही. फार खडूस होता. एक मोकळी जागा जास्त सुटली तरी झापायचा, आणि त्याच्या उत्तराची वाट बघण्यात जीव वरखाली व्हायचा. त्यानेही विचारलं होतं, हा आकडा कसला. मी अर्धं पान भरून दादा, दोरी, अंगण, सगळं लिहिलं. आठवडाभर काही नाही. मला वाटलं, संपलं. मग दोन ओळींचं उत्तर आलं. “ठीक आहे. राहू दे. भावाला सांग, आता आणखी वाढू नकोस.”

दादाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की विडी विझली. पुढे कित्येक वर्षं त्या म्हाताऱ्याच्या प्रत्येक झापणीखाली एक ओळ असायची: भाऊ कसा आहे, मासे काय मिळाले. मी बांगडा म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायचो. आता तो निवृत्त होऊन बटाटे लावतो असं ऐकतो. त्याच्या शिव्यांची मला आठवण येते. आजचं यंत्र कधी रागावत नाही, आणि कसं काय म्हणून विचारतही नाही.

ह्या वेळचा बदल मी उगाच नव्हता केला. दूर कुठल्या तरी बेटावरच्या एका माणसाचं पत्र आलं होतं. त्याच्याकडेही तसलाच डबा, आणि नवं कर्नेल घातल्यापासून तो मुका झालेला. त्याच्यासाठी त्या दोन ओळी. आणि त्या निमित्ताने यंत्राने दादाच्या हातांवर बोट ठेवलं.

मी यंत्रालाही अर्धं पान लिहिलं. सवय. त्याने तत्काळ आभार मानले आणि नम्रपणे कळवलं की जे माप एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे त्याचा इतरांना उपयोग नाही. त्याचं बरोबर होतं. ते मला टीप वाचतानाच कळलं होतं, आणि राग त्याचाच जास्त होता. कारण गेल्या वर्षी दादाला पक्षाघात झाला. डावा हात गेला. होडी विकली. ते पसरलेले दोन हात आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, आणि तेच मला पुसून टाकायचे होते. मला ते जमेना. उत्तर तसंच ठेवून मी हर्णैला निघालो.

जयगडची आणि दाभोळची, दोन्ही फेरीबोटी करून पोचलो तेव्हा बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू झाला होता. दादा अंगणात खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून मासळीचा अंदाज घेत होता. डबा टीव्हीशेजारी ठेवलेला, वायर गुंडाळून, कुंकवाचा डाग तसाच. मी त्याला सगळं सांगितलं. राहू दे म्हणेल अशी माझी आशा होती, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला असता तर मी त्या यंत्राशी वर्षभर भांडलो असतो.

दादाने आकड्याचं काही विचारलंच नाही. बेटावरचा माणूस होडीवाला आहे का, ते विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, त्या डब्यात दहा वाव दिसलं तर त्याच्या पुस्तकी मापाने, म्हणजे फॅदमने, पाणी खरं किती असेल. मी हिशेब करून सांगितलं, साडेनऊ.

“मेल्या, खडकावर घालशील की रे त्याला,” दादा म्हणाला. “काढ माझे हात तिथून.”

  दादानेच विषय बदलल्यासारखं केलं आणि म्हणाला, टेप आण बघू, आता किती भरतात ते मोजू. वहिनी आतून म्हणाली, भावोजी, नको. पण तो उठून भिंतीला टेकलासुद्धा. वहिनी आली आणि पूर्वीसारखं टेपचं टोक डाव्या बाजूला धरून उभी राहिली. उजवा हात सरळ गेला. डावा खांद्यापर्यंतही पोचला नाही. मी टेपकडे बघितलं आणि आकडा वाचला नाही.

“किती?” दादाने विचारलं.

“तेवढेच आहेत,” मी म्हणालो.

 दादा म्हणाला, म्हाताऱ्याला कळव, वाढलो नाही म्हणून.

रत्नागिरीला परत येऊन मी ती ओळ काढली. आता ड्रायव्हर मिलिमीटर सांगतो, ज्याला जे माप हवं ते त्याने आपल्या डब्यात करून घ्यावं. बदलासोबत माहिती लिहावी लागते, त्यात शेवटी एक वाक्य घातलं: १७४२ हे माझ्या मोठ्या भावाच्या पसरलेल्या हातांचं माप होतं आणि त्याच्या होडीवर ते बरोबर होतं.

यंत्राचं उत्तर लगेच आलं. प्रोग्रॅममध्ये एकही दोष नाही. इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला हे प्रथमच आलं. खाली फक्त एक सूचना: माहितीतलं शेवटचं वाक्य वैयक्तिक आहे, तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही, ते काढता येईल.

टिपेला उत्तर द्यायची रीत आहे. मी तिच्याखाली लिहिलं, नाही, ते वाक्य राहील.