अरबाबची जड गोळी

जे जड असते ते आपली वाट सोडत नाही. हे वाक्य मी दुबईबाहेरच्या एका मळ्यावर ऐकले आणि ऐकताना अंगावर काटा आला. बोलणारा गृहस्थ गालिच्यावर मांडी घालून बसला होता. चिमटीत पेन्सिलीच्या टोकाएवढी तांबूस गोळी होती आणि ती तो उजेडात हिऱ्यासारखी फिरवून पाहत होता.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी दुबईच्या देरा भागातल्या एका कंपनीत एसीचा इंजिनियर होतो आणि हा गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. त्याची तक्रार अशी होती, की एसीमुळे तराजूची सुई थांबत नाही. मला वाटले, सोने तोलत असेल. तो तोलत होता बंदुकीची दारू. विकतची काडतुसे त्याला पसंत नव्हती. टेबलाला आवळून बसवलेल्या दांड्याच्या यंत्रावर तो ती स्वतः भरायचा. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, दारू कणाकणाने तोलून आत ओतायची, वर गोळी दाबून बसवायची.

"मुहंदिस," तो म्हणाला. अरबीत इंजिनियरला तसे म्हणतात. "ये सुई क्यूँ नाचता है?"

मी एसीच्या जाळीची पाती छताकडे वळवली. सुई गपकन थांबली. अरबाबने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी समुद्राला ओहोटी लावली होती.

"खलास! अब तुम हर हफ्ते आएगा."

मी उभ्या आयुष्यात उंदीरदेखील मारला नव्हता. तरीही दर शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, गेलो, आणि कबूल करतो, बुधवारपासूनच मला हुरूप चढायचा.

रायफल त्याच्या वडिलांची होती. परवाना अरबाबच्या नावावर, शिकारीला केव्हाच बंदी आलेली, त्यामुळे आता फक्त कागदावर नेम. नळी इतकी बारीक, की करंगळीचे टोकही आत जाणार नाही. अरबाबचा थोरला भाऊ तिला खेळणे म्हणायचा. तिची जागा माझ्या मजलिसच्या भिंतीवर, असे तो चारचौघांत सांगायचा. मजलिस म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची खोली; तिथली ती भिंत मला ठाऊक होती. तिथल्या एकाही बंदुकीला वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नव्हता, पण प्रत्येकीवर स्वतंत्र दिवा होता. त्या दिव्यांची उष्णता धरूनच मी त्या खोलीच्या एसीची क्षमता ठरवली होती.

शेवटी दोघा भावांत ठरले. थंडीत, धाकट्याच्या मळ्यावर, दोनशे मीटरवरून एकेक गोळी. वडिलांचा जुना नियम, काळ्या वर्तुळाला भोक शिवले पाहिजे. थोरला जिंकला तर रायफल भिंतीवर, धाकटा जिंकला तर तो विषय पुन्हा काढायचा नाही.

"बाबा बोलते थे, बंदूक दीवार पे मर जाता है," अरबाब मला म्हणाला. मग त्याने यंत्राचा दांडा उगाचच वरखाली केला.

अडचण वाऱ्याची होती. तिथला वारा हलक्या गोळीला सहज बाजूला ढकलतो. म्हणून त्याने त्याच मापाच्या, पण जड आणि लांब गोळ्या मागवल्या. दुपारच्या रणरणत्या उन्हात अरबाबने त्या मारून पाहिल्या. कागदावर एकाशेजारी एक, गोल, नीटस भोके पडली. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पलीकडचे उंट उठून उभे राहिले.

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या घरी या बातमीचे फारसे स्वागत झाले नाही.

"अहो, तुम्ही एसी दुरुस्त करायला जाता की लढाईला?" बायकोने विचारले.

"मी फक्त हवेचं बघतो."

"बाबा, इज इट ईव्हन लीगल?" मुलीने पुस्तकातून मान वर न करता विचारले.

"परवाना त्यांचा आहे, बेटा. मी बंदुकीला हातही लावत नाही."

"मग खूश कशाला होताय एवढे?" बायको म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वाळूवर धुके होते आणि मी स्वेटर घालून गेलो होतो. थोरला भाऊ चार गाड्या, कॉफीवाला आणि स्वतःची खुर्ची घेऊन आला. निवाड्याला त्यांचे म्हातारे काका. थोरल्याने स्वतःची मोठी रायफल खांद्याला लावली. जमीन हादरली. दुर्बिणीतून पाहिले तर भोक वर्तुळाच्या बाहेर, बोटभर अंतरावर.

"हवा!" थोरला म्हणाला. हवा अगदी पडलेली होती.

अरबाब वाळूवर पालथा झोपला. त्याने श्वास सोडला, आणि नेमका तेव्हाच माझा श्वास तोंडातून वाफ होऊन निघालेला मला दिसला. थंड हवा. थंड हवा दाट असते, हे मी गिऱ्हाइकांना समजावण्याचा पगार घेत होतो. लांब गोळी म्हणजे उंच भोवरा. नळीतल्या पीळदार खाचा तिला जेमतेम पुरेल एवढीच गिरकी देत होत्या. उन्हातल्या विरळ हवेत ते निभावले. या दाट हवेत भोवरा डगमगणार. मी "अरबाब—" म्हणेपर्यंत बार झाला होता.

आम्ही सगळे कागदाकडे अक्षरशः धावलो. काकांना गाडीतून आणले. गोळी हवेत कलंडून कागदावर आडवी आदळली होती. मध्यबिंदू वर्तुळाच्या बाहेरच होता, पण भोक लांबट होते आणि त्याचे एक टोक काळ्या रंगाला शिवत होते.

"ये गोली का होल नहीं है," थोरला माझ्याकडे वळून ओरडला. "ये शर्ट के बटन का होल है!"

अरबाब काकांच्या बोटाकडे पाहत होता. काकांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, मग अरबीत काहीतरी पुटपुटले. अरबाबने एकदम मला मिठी मारली. माझा चष्मा वाळूत पडला.

"क्या बोला?" मी विचारले.

"बोला, मेरे भाई ने, मतलब तुम्हारे बाबा ने, नियम बनाया, छूना चाहिए. गोली सीधा आएगा कि लेट के आएगा, ये नहीं बोला. यल्ला, कॉफी!"

थोरल्याने शब्द पाळला. रायफलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. अरबाब पुढे निमूटपणे हलक्या गोळ्यांवर आला, आणि मी शुक्रवारची वाट पाहत राहिलो.

तो कागद मात्र थोरल्यानेच मागून नेला. घराण्याची आठवण म्हणून सोनेरी चौकटीत बसवून मजलिसच्या भिंतीवर, बंदुकांच्या मधोमध लावला. वर एक नवा दिवा आला. त्यामुळे मला त्या खोलीचा एसी बदलावा लागला.