ट्रेमधल्या दोन सिरिंजा

कोणीही हाक मारली की आपली भिंगरी हातातलं टाकून धावते, ही आईची जुनी धास्ती होती आणि ती काही केल्या मनातून जात नव्हती. लहानपणापासून पोरगी अशीच. आजीने ‘अगं’ म्हटलं की आजीकडे, शेजारच्या काकूंनी ‘ए’ म्हटलं की तिकडे, आणि इकडे दूध उतू. तिच्या वडिलांनी तेव्हा तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली ती कायमचीच. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं राहिलं.

सहायक नर्स म्हणून ती हॉस्पिटलात लागली तेव्हा हाच स्वभाव कामी आला. सहा वर्षं तिने पुरुषांच्या वॉर्डात अंगं पुसली, चादरी बदलल्या, ताप मोजले, घास भरवले. म्हातारे तिला बोलवायला बेल वाजवायचेच नाहीत, नुसते खाकरायचे. आई हे भेटेल त्याला कौतुकाने सांगायची. पण यंदा सहायक नर्सनाही शिरेतून औषधं द्यायला शिकवायचं असं हॉस्पिटलने ठरवलं आणि आईची धास्ती दुणावली. तोंडात घातलेली चुकीची गोळी निदान थुंकता तरी येते. शिरेत गेलेलं परत कसं काढणार?

भिंगरी मात्र हरखली होती. रविवारी दुपारी हॉस्टेलवरून घरी आली की जेवणाच्या टेबलावर तिची शाळा भरायची. अभ्र्यात गुंडाळलेला स्पंज हा पेशंटचा हात, आणि चौकशीसाठी वडील.

“नाव सांगा. जन्मतारीख सांगा.”

“अगं, मी तुझा बाप आहे!”

“तसं मनगटाच्या पट्टीवर लिहिलेलं नाही. नाव सांगा.”

मग स्पंजात पाणी सोडायचं, पण हळू, घड्याळावर नजर ठेवून, पुरती तीन मिनिटं. तीन मिनिटं एवढी लांबलचक असतात हे आईला त्या टेबलाशी उभं राहून कळलं.

शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचा एक कडक नियम होता. औषध तयार करताना लाल अ‍ॅप्रन घालायचा. तो अंगावर असेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही आणि तिनेही कोणाला ओ द्यायची नाही.

“आमच्या बसमध्ये पाटी असायची तसं,” वडील म्हणाले. त्यांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली होती. “चालकाशी बोलू नये. तुझी आई मात्र अठ्ठावीस वर्षं बोलतेय, गाडी चालू असो की बंद.”

“मी बोलले म्हणूनच गाडी रस्त्यावर राहिली,” आई म्हणाली.

या रविवारी मात्र भिंगरी आली ती स्पंज न घेताच. ताटावर बसली आणि भात चिवडत राहिली. आईने दोनदा विचारल्यावर बोलली.

“काल लाल अ‍ॅप्रन अंगावर होता. एका सिरिंजमध्ये औषध भरलं, दुसरीत नुसतं सलाईन, औषध गेल्यावर नळी धुवायला. आता लेबलं लावणार, तेवढ्यात सात नंबरचे आजोबा म्हणाले, ‘पोरी, पाणी.’ त्यांचे ओठ अगदी सुकले होते गं. मी ट्रे ठेवला आणि गेले. दोन घोट पाजून परत आले, तर दोन्ही सिरिंजा सारख्या. दोन्हींत पाण्यासारखंच. औषध कुठल्या सिरिंजमध्ये ते कळेना.”

“मग?”

“दोन्ही फेकल्या. सिस्टरांना जाऊन सांगितलं.”

“रागावल्या?”

“रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘पुढे शिकायचंय की नाही ते सोमवारी सकाळी आठला सांग,’ एवढंच म्हणाल्या. मी ‘नाही’ म्हणून सांगणार आहे, आई. मी आपली चादरींचीच.”

“बरंच झालं,” आई म्हणाली.

फार पटकन म्हणाली. भिंगरीने तिच्याकडे एकदा पाहिलं, ताट उचललं, विसळून ठेवलं आणि पाचच्या बसने निघून गेली.

आई भांडी घासायला लागली. खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. वडील दारात येऊन उभे राहिले.

“स्वारी खुशीत दिसतेय.”

“खुशीत कसली? सुटले एकदाची.”

“हं. एक सांग, पाणी पाजताना तिला कोणी पाहिलं होतं?”

“कोण बघणार? सिस्टर दुसऱ्या खोलीत असतील. आजोबांना काय कळतंय?”

“मग सिस्टरांना समजलं कसं?”

“हिनेच नाही का सांगितलं—” आईचा हात भांड्यावरच थांबला.

“मी एकदा गाडी खांबाला घासली होती,” वडील म्हणाले. “नुसता रंग गेला. डेपोत कबूल करायला मला तीन दिवस लागले. आपल्या पोरीला किती लागले?”

आईने नळ बंद केला. अंदाजाने एक सिरिंज उचलणं किती सोपं होतं. निम्म्या वेळा तर अंदाज बरोबरही आला असता, आणि कधी कोणाला कळलं नसतं. आपण त्या खाटेवर असतो, तर असा अंदाज करणारी चालली असती का? पोरीला शिकायचं ते एवढंच उरलं होतं, की लेबलं लागेपर्यंत आजोबांना थांबू द्यायचं. आणि आपण तिला म्हटलं, बरंच झालं. कोणाचं बरं झालं? पोरीचं तर नक्कीच नाही.

धास्ती तिथेच होती. उद्या पोरगी शिरेत औषध सोडायला लागली की रोज असणार होती. ती आता आईने आपली आपण सांभाळायची होती, पोरीच्या गळ्यात बांधायची नव्हती.

तिने हात पुसले आणि फोन घेतला.

“काय सांगणार?” वडिलांनी विचारलं.

“आधी ते ‘बरंच झालं’ परत घेणार. पुढचं तिचं ती ठरवेल.”

“आणि उचललाच नाही तर?”

“तर पुन्हा करीन. सकाळचे आठ वाजायला पुष्कळ वेळ आहे,” आई म्हणाली आणि नंबर लावला.