धप्पमास्तर

धप्पमास्तर बोलता बोलता पडत. ‘उद्या जरा लवकर या’ असं सांगायला लागले, की ‘उद्या’ उभ्यानं निघे आणि ‘या’ जमिनीवरून. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि पाठ टेकताक्षणी दोन्ही तळहात गादीवर धप्प. मग उठून शर्ट झटकत पुढचं वाक्य. गाद्या म्हणजे पोत्यांत भरलेलं भाताचं तणीस, वर ताडपत्री. कॉलेजच्या हॉलमधला तो आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जाई, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. पंक्चर काढणारासुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारायचा.

ते आमचे व्यायामशिक्षक. ज्युडो पलटणीत शिकलेले. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. उमरेडच्या पलीकडं आमचं गाव, आणि आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी तेव्हा कोणी न विचारता सांगायचो, आजही सांगतो. मास्तरांनी ते पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं आणि मला ‘बी.ए.’ म्हणायला लागले. डिग्री लांब होती, हाक आधीच सुरू झाली.

पोरं यायची ती दुसऱ्याला फेकायला शिकायला. मास्तर महिनोन्‌महिने फक्त पडायला शिकवत. तेही एकट्यानं नाही. एकट्यानं पडणं म्हणजे नाटक, म्हणायचे. पाडणारा समोर पाहिजे, आणि तो कधी ओढेल हे आपल्याला माहीत नसलं पाहिजे. नव्या पोराच्या हातात स्वतःची बाही द्यायचे आणि म्हणायचे, ‘अगोदर मले पाड.’ पोरगं लाजायचं. ‘काहून गा, जेवून नाही आला का?’ मग ते चिडून ओढायचं आणि मास्तर धप्प. संध्याकाळभरात सगळ्यांत जास्त तेच पडलेले असायचे.

पडण्याच्या बाबतीत खोटं बोलत नसत. झाडाच्या शेंड्यावरून पडलो तर, असं एकानं विचारलं. ‘मरशीन,’ म्हणाले. आणि टेबलावरून? तर टेबलावर चढून पडून दाखवलं.

अडचण आमचीच होती. निम्मी पोरं आखाड्यातून आलेली. आखाड्यात पाठ लागली की कुस्ती गेली. त्यामुळे आमचं अंग पडता पडता हवेतच वळायचं, नाहीतर हात आपोआप खाली जायचा आणि मनगट सुजायचं. मास्तर ओरडत नसत. ‘बी.ए., तो हात पेपर लिवाले ठेव,’ एवढंच. माझे बाबा पंचक्रोशीतले नावाजलेले पैलवान. कोणत्याच दंगलीत त्यांची पाठ लागलेली नव्हती. मला पाठ टेकवायला जमलं तोवर माझ्या बरोबरीची पोरं एकमेकांना फेकायला लागली होती.

कोणीतरी गावात जाऊन सांगितलं, की कॉलेजात तुमच्या पोराला पाठ टेकवायला शिकवून राहिले. बाबा एस.टी.नं आले आणि सरळ हॉलमध्ये शिरले. धोतर, टोपी, हातात पिशवी. सगळ्यांसमोर म्हणाले, की हे शिकणं आजपासून बंद, नाहीतर कॉलेजही बंद. घरी चाल आणि वखर धर. बाबा बोलले की करायचे.

मास्तरांनी त्यांना चपला काढायला लावल्या आणि आपली बाही पुढं केली. ‘अगोदर मले पाडा, पैलवान.’

बाबांनी धोबीपछाड मारली. मास्तर पडले, उठले, बाही पुन्हा पुढं. बाबांनी अजून जोरात मारली. पुन्हा तेच. बाबा घामानं निथळले, मास्तरांना साधं खरचटलंही नाही. शेवटी बाबा ताडपत्रीवर मांडी घालून बसले आणि हसायला लागले. ‘हा माणूस पडून पडून जितून राहिला न बे,’ मला म्हणाले. माझं कॉलेज वाचलं.

चहा पिताना मास्तर म्हणाले, आता तुमची पाळी, फक्त एक वेळ पाठ टेकवून पाहा. बाबांनी कपबशी खाली ठेवली. ‘पोराले शिकवा तुम्ही. माह्या पाठीचं राहू द्या, मास्तर.’ मास्तरांनी पुढं आग्रह केला नाही. वडीलधाऱ्या माणसाला कोण आग्रह करणार.

मी बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात बाबा पावसाच्या आधी कवेलू फेरायला, म्हणजे कौलं सारखी करायला, घरावर चढले आणि वळचणीवरून घसरले. पाहणारे सांगत होते, की ते पाठीवरच येत होते, पण हवेतल्या हवेत त्यांनी अंग वळवलं. मानेवर पडले. पैलवानाची पाठ शेवटपर्यंत लागली नाही, असं लोक एकमेकांना सांगत, मलाही येऊन सांगत. मी मान हलवायचो. रडू आलं नाही. भूक लागायची, वाढलेलं जेवायचो. कोणी निकालाचं विचारलं तर सेकंड क्लास म्हणून सांगायचो. आई माझ्याकडं पाहत राहायची.

मास्तर दहाव्याच्या आधी आले. आईजवळ बसले. लोकांनी त्यांनाही ते पाठीचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग अंगणात आले आणि बाबा घसरले ती जागा पाहत उभे राहिले. मी जवळ गेलो. एवढे दिवस कोणालाच न विचारलेलं त्यांना विचारलं. बाबा पाठीवर पडले असते तर वाचले असते का?



‘नाही गा, बी.ए.,’ म्हणाले. ‘इतक्या उंचावरून कोणीच नाही वाचत.’

आमचं घर ठेंगणं. बोलताना त्यांनी आधाराला हात वर केला होता, आणि तळवा वळचणीच्या कवेलूवर सहज टेकला होता.

मी बरं म्हटलं. मास्तर होते तोवर पुन्हा कधी विचारलं नाही.